भोंगऱ्याची खरेदी, होळीचा खर्च

होळी आठवड्यावर आली की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगी, अक्कलकुवा इथल्या आठवडे बाजारांचे रूपच पालटते. एरवी मीठ-मिरची, कांदे-बटाटे घेऊन माणसे दुपारीच पाड्याची वाट धरतात. या दिवसांत मात्र अख्खी कुटुंबे डोंगर उतरून येतात. गुळाच्या ढेपा, दाळ्यांचे ढीग, खजुराची पोती, दोरीला टांगलेले साखरेचे हार-कंगण, आणि त्यांच्या पलीकडे घुंगरांची दुकाने. घुंगरू घेणारा आधी किंमत विचारत नाही. एक उचलतो, कानाशी नेऊन हलवतो, परत ठेवतो, दुसरे उचलतो. आवाज मनासारखा लागला की मगच भाव. हा भोंगऱ्या बाजार.

मध्य प्रदेशात याच बाजाराला भगोरिया म्हणतात. तरुण-तरुणी पळून जाऊन लग्न करतात तो मेळा, अशी त्याची ओळख बाहेर करून दिली गेली आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी ती पक्की केली. आदिवासी संघटना कित्येक वर्षे या चित्राला हरकत घेत आल्या आहेत आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. भोंगऱ्या हा मुळात होळीच्या खरेदीचा बाजार आहे. दिवाळीआधी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा नाताळआधी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जी लगबग असते, तीच इथे सातपुड्यात असते. फरक आहे तो पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, यात.

सणाच्या खर्चाची मोजदाद बारकाईने होते ती नाताळची. अमेरिकेतल्या किरकोळ व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना दरवर्षी लोकांना विचारून आकडा काढते. 2024 मध्ये तिथला एक माणूस भेटवस्तू, खाणेपिणे आणि सजावट यांवर सरासरी सुमारे 900 डॉलर खर्च करणार होता. रुपयांत ही रक्कम 75 हजारांच्या घरात जाते. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. म्हणजे तिथल्या एका माणसाच्या नाताळाएवढे पैसे मिळवायला इथल्या मजुराला अडीचशे दिवस राबावे लागेल. केंद्राच्या कायद्याने हमी दिली होती ती एका कुटुंबाला वर्षाकाठी 100 दिवसांची.

1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा सहा तालुक्यांचा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यात शंभरातले 69 जण आदिवासी. नीती आयोगाने 2021 मध्ये बहुआयामी गरिबीचा अहवाल काढला, तेव्हा जिल्ह्यातली निम्म्याहून अधिक माणसे गरिबीत असल्याचे दिसले. राज्यात हे प्रमाण सर्वाधिक होते. असा जिल्हा होळीला एवढा बाजार कसा करतो?

याचे उत्तर गुजरातच्या वाटेवर सापडते. खरिपाची कामे आवरली की डोंगरातली हजारो कुटुंबे बाहेर पडतात. कोणी बार्डोलीकडे ऊसतोडीला, कोणी सौराष्ट्रात शेतमजुरीला, कोणी वीटभट्टीवर. पोरेबाळे, कोंबड्या, भांडीकुंडी सगळे सोबत. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती आधीच पोटात गेलेली असते. हंगाम सरत आला की हिशेब होतो, उचल वळती होते आणि उरलेले पैसे हातात पडतात. नेमकी तेव्हाच होळी असते. वर्षभरात घरात एकरकमी रोकड दिसण्याचे जे मोजके दिवस असतात त्यांतलेच हे, आणि त्या पैशाला पहिली वाट फुटते ती भोंगऱ्याची. कितीही लांब असला तरी माणूस होळीला घरी येतोच.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नवापूर तालुक्यात, गावित-मावची समाजात ख्रिस्ती कुटुंबे आहेत. या कुटुंबांचा मोठा सण नाताळ, आणि तो येतो ऐन ऊसतोडीच्या मोसमात. तोडीला गेलेल्या घरासाठी नाताळ म्हणजे हिशेब व्हायच्या आधीचा सण. तारखांमधल्या या दोन-तीन महिन्यांच्या अंतराने सणाचा खर्च कमाईतून होतो की उसनवारीतून, हे पुष्कळदा ठरून जाते.

भोंगऱ्यात घेतलेल्या सामानाची पिशवी उघडली तर तिच्यात एकमेकांना द्यायच्या भेटवस्तू फारशा सापडत नाहीत. दाळ्या, गूळ, खजूर आणि नारळ होळीमातेच्या पूजेसाठी व आल्यागेल्याच्या हातावर ठेवण्यासाठी. नवे कपडे अंगावर घालायला. मुलांसाठी साखरेचे कंगण. आणि नवस असेल तर घुंगरू.

नवसाचा हा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. होळीत नाचणारे बावा आणि बुध्या काही दिवस पालनी पाळतात. अनवाणी राहायचे, खाटेवर निजायचे नाही, ब्रह्मचर्य पाळायचे. कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरांचा पट्टा, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा किंवा बांबूच्या कामट्यांचा उंच टोप. भोपळा घराच्या छपरावर चढलेल्या वेलाचा. कामट्या रानातल्या. मोरपिसे गळालेली, वर्षानुवर्षे साठवलेली. विकत आणायचे ते घुंगरू, आणि तेही जपून ठेवले तर बापाकडून लेकाकडे जाते. ज्या गोष्टींवर सणाची सारी शोभा उभी आहे, त्यांतल्या बहुतेक बाजारात मिळतच नाहीत.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी याच रीतीने होते. तिची परंपरा 1246 पासूनची सांगतात. होळीचा उंच बांबू गुजरातच्या जंगलातून समारंभाने आणतात, त्यासाठीचा खड्डा हातांनी उकरतात, रात्रभर ढोल घुमतात आणि पहाटे होळी पेटते. हजारो माणसे जमतात. या सोहळ्याचा भार कोणा एकाच्या खिशावर पडत नाही. गावोगावची पथके आपले ढोल, आपले टोप, आपली शिदोरी घेऊन येतात. नंतरचे काही दिवस नाचणारे फाग मागत फिरतात आणि दुकानदारापासून शेतकऱ्यापर्यंत प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे त्यात घालतो.

अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 मध्ये नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. भेट देणाऱ्याने मोजलेली किंमत आणि घेणाऱ्याला वाटणारे मोल यांत तफावत पडते आणि तिच्यात भेटीच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा वाया जातो, असा त्यांचा हिशेब होता. घरात न लागणारा स्वेटर हे त्याचे साधे उदाहरण. सातपुड्यातल्या होळीला हा हिशेब लागू करणे अवघड आहे. गूळ खाल्ला जातो, लुगडे वर्षभर नेसले जाते, घुंगरू पुढच्या होळीला पुन्हा वाजते.

पण आता खर्च वेगळ्या वाटांनी वाढतो आहे. ढोलाशेजारी डीजे येऊन बसतो. पायी होणारी वाट भाड्याच्या गाडीने होते. मुकादमाची उचल वाढवून घेतली जाते आणि पुढच्या हंगामाचे अंग आधीच गहाण पडते. कर्जाच्या या फासाची जिल्ह्याला जुनी ओळख आहे. 1972 मध्ये शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रमिक संघटना उभी केली, ती सावकारीत गेलेल्या जमिनी आणि सालदारांची पिळवणूक यांच्याविरुद्धच. त्या चळवळीत आदिवासी बायांनी दारूचे गुत्ते फोडले, कारण मजुरी घरी पोचण्याआधी तिथेच संपत होती.

कर्जाऐवजी सणासाठी आधीपासून पैसे बाजूला टाकण्याची सोय इतरत्र झाली आहे. अमेरिकेतल्या कार्लाइल गावच्या बँकेने 1909 मध्ये नाताळसाठी आठवड्याला थोडी रक्कम जमा करण्याची योजना काढली आणि ती देशभर पसरली. ब्रिटनमध्ये मात्र फेअरपॅक ही अशीच बचत गोळा करणारी कंपनी 2006 मध्ये बुडाली. लाखाहून अधिक साध्या कुटुंबांची नाताळची पुंजी तिच्यात अडकली, तीही सणाच्या तोंडावर. भिशी लावणाऱ्या मराठी माणसाला यातले दोन्ही धडे समजावून सांगावे लागत नाहीत. सातपुड्यातल्या पाड्यांवर महिलांचे बचत गट आहेत. गटाची पेटी गावात राहते आणि हिशेब सगळ्यांसमोर होतो. होळीची रक्कम तिथून निघाली, तर मुकादमापुढे हात पसरायची वेळ टळेल. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्याने मजुरी 15 दिवसांत देण्याचे बंधन घातले. गावातच केलेल्या कामाचे पैसे भोंगऱ्याआधी हातात पडले, तर पोराची शाळा सोडवून त्याला फडावर न्यायचे कारण उरणार नाही.

होळी विझल्यावर पाड्यांवर दोन कामे सुरू होतात. काही घरे पुन्हा बोचकी बांधतात, भट्टीवरचे काम अजून बाकी असते. ज्यांना थांबता येते ती पहाटेच टोपल्या घेऊन मोहाखाली पोचतात. मागे घरात, आढ्याला टोप टांगलेला असतो आणि घुंगरांचा पट्टा जुन्या धडप्यात गुंडाळून धान्याच्या कणगीशेजारी ठेवलेला असतो.