शेतकऱ्यांचा आठवडे बाजार

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण घरोघरीं ठाऊक आहे. परंतु मेथी पिकविणाऱ्याच्या हातीं अखेर काय पडतें, हें पाहिलें म्हणजे तिचा क्रम उलटा झालासें वाटतें. कारण उघड आहे. धान्य कणगींत राहूं शकतें. भाजीला तें सुख नाहीं. एक रात्र लोटली कीं ती सुकते, आणि भाडें भरून आणलेला माल परत नेणें परवडत नाहीं. म्हणून मिळेल त्या भावानें ती देऊन टाकावी लागते. अल्पभूधारकाच्या दारिद्र्याचें हें एक मोठें मूळ होय.

यावर उपाय निघाले आहेत. पंजाबांत १९८७ सालीं ‘अपनी मंडी’ सुरू झाली. आंध्र प्रदेशांत १९९९ सालीं ‘रयतु बाजार’ निघाले. महाराष्ट्रांत २०१६ सालीं बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळें-भाजीपाल्याचा व्यापार नियमनमुक्त झाला, आणि त्याच वर्षीं पणन मंडळानें शेतकरी आठवडे बाजारांस चालना दिली. मळ्यांतच विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या सावता माळ्याचें नांव या उपक्रमास दिलें, हें उचितच झालें.

या सर्वांत रयतु बाजाराची घडी आम्हांस विशेष अनुकरणीय वाटते. तेथें शेतकऱ्यास ओळखपत्र देतात, जेणेंकरून व्यापाऱ्यानें शेतकऱ्याच्या नांवानें बसूं नये. भाव घाऊकीहून चढा व किरकोळीहून उतरता ठरवून फळ्यावर लिहितात. दलाली कोणासच द्यावी लागत नाहीं.

आपल्या गांवीं असा बाजार काढूं इच्छिणाऱ्यांनीं दहा-बारा शेतकऱ्यांवरच आरंभ करावा. शाळेचें पटांगण किंवा देवळाचें आवार पुरे. वार व वेळ एकदां ठरली कीं मोडूं नये. तराजू तपासलेले असावेत. शेतकरी विकावयास बसला तर त्याचा कामाचा दिवस बुडतो, ही अडचण खरी. तथापि शेजारच्या पांच-सहा जणांनीं एकाच गाडींतून माल धाडून आळीपाळीनें बसावें, म्हणजे तीही बरीचशी दूर होते.

परंतु बाजार टिकतो तो गिऱ्हाइकावर. दोन-तीन आठवडे कोणी फिरकलें नाहीं, तर शेतकरी निमूटपणें पुन्हां दलालाची वाट धरील. आणि तो दोष त्याचा नव्हे. दहा-बारा माणसांच्या एकत्र कुटुंबास भाजी थोडी लागत नाहीं. अशा वीस घरांनीं नेमानें खरेदी केली, तर लहानसा बाजार उभा राहील. कापडाच्या दुकानांत सांगतील तो दाम मोजणारे आपण कोथिंबिरीच्या जुडीसाठीं मात्र घासाघीस करतों! ही संवय घरांतील वडीलधाऱ्यांनींच प्रथम सोडावी. मुलें पाहून शिकतात. शेतकऱ्यास यांत कोणाची भिक्षा नको आहे. त्याच्या मालाचें रास्त मोल ठरल्या दिवशीं ठरल्या जागीं त्यास मिळावें, एवढेंच मागणें आहे, आणि तें पुरविणें आपल्या हातीं आहे.