तळेऱ्यातल्या कार्यकर्त्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण कसे आखावे?

वर्षावासात विहारात भरणारे मुलांचे धम्मवर्ग सांभाळतात ते कामधंदा करून येणारे प्रौढ कार्यकर्ते. तळेरे मुंबई-गोवा महामार्गावर असले, तरी आतल्या वाड्यांत भर पावसात नेटवर्क टिकेलच असे नाही. तिथे दोन तासांचे झूम व्याख्यान म्हणजे फक्त आयोजकाचे समाधान! त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांचा ऑडिओ पाठवा. लावणीहून आल्यावर रात्रीही ऐकता येतो.

ऑडिओत भाषण नको, प्रसंग हवा. शिबिरातली चौदा वर्षांची मुलगी सांगते, अमुक काकांनी माझ्याशी लैंगिक गैरवर्तन केले. आता तुम्ही काय कराल? प्रत्येकाने उत्तर प्रशिक्षकाला खासगीत पाठवावे; ग्रुपवर टाकले की बाकीचे 'साधू साधू' लिहून मोकळे होतात. 'आधी समाजाची बैठक लावू' असे उत्तर कोणीतरी देणारच. तिथेच खरे प्रशिक्षण सुरू होते. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार १८ वर्षांखालील मुलांवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. बैठकीत मिटवणे हा पर्यायच नाही. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइनही प्रत्येकाच्या फोनमध्ये हवी.

मात्र घाबरलेल्या मुलीचे शांतपणे, उलटतपासणी न करता ऐकून घेणे मोबाइलवर शिकता येत नाही. त्याच्या सरावासाठी एक रविवार विहारात समोरासमोर बसावेच लागेल.