दुसरी ट्रॉली आणि मधली पिन

दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांची बॉयलर पेटवण्याची तयारी सुरू झाली की कराड, वाळवा, पलूस, तासगाव भागातील वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्या उभ्या राहू लागतात. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती, कारखाना कोणताही असो, गव्हाणीकडे जाणाऱ्या उसाचा मोठा भाग एका ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्यांतून येतो. मालकाचा हिशेब साधा असतो. एका डिझेलात दोन खेपा. मात्र हा हिशेब ज्या पिनेवर टांगलेला असतो, ती पिन आपल्या दुकानात तयार होते, ही गोष्ट कारागीर बंधूंनी नीट लक्षात घेतली पाहिजे.

पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः साधारण दोन टनांचा असतो. त्याच्यामागे भरल्या दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस असतो, कधी त्याहूनही जास्त. ओढायला तो पुरा पडतो. अडचण येते ती थांबताना. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे दोन टनांच्या गड्याने वीस टनांना आवरायचे! उतारावर या ट्रॉल्या ट्रॅक्टरला मागून रेटतात, आणि वळणावर तो रेटा तिरका बसला की ट्रॅक्टर आडवा फिरतो. वेग वीसचा तीस केला तर थांबवायचा जोर दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो. ऑस्ट्रेलियात एका ट्रकमागे तीन-तीन ट्रेलर लांबच्या रस्त्याने जातात, पण तेथे प्रत्येक ट्रेलरला स्वतःचा हवेचा ब्रेक असतो. आपण दोन ट्रॉल्यांची चाल उचलली, पण तो ब्रेक काही उचलला नाही.

दुसरी बाब वजन कोठे बसते याची. दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार, ढोबळ मानाने दहावा हिस्सा, पुढच्या दांडीवर यावा लागतो. आठ टनांच्या पहिल्या ट्रॉलीचे असे आठशे किलो ट्रॅक्टरच्या हुकावर बसतात आणि त्यानेच मागची चाके रस्ता धरतात. आता तिच्या शेपटीला दुसरी ट्रॉली जोडली. दुसरीच्या दांडीचे सहाशे किलो पहिलीच्या एक्सलच्या दीड मीटर मागे पडले आणि पुढचा हूक एक्सलपासून तीन मीटरवर असला, तर तराजूच्या नियमाने पुढचे तीनशे किलो उचलले जातात. आठशेचे पाचशे उरतात. तोडणीच्या टोळीने पहिली ट्रॉली मागच्या बाजूला जड भरली असेल तर तेवढेही उरत नाहीत. मग ट्रॉली झुलू लागते आणि ब्रेक लावताच चाके घसरतात. याच्या उलट, पुढे फार भरले आणि हूक उंच लावला, तर चढाला ट्रॅक्टरची पुढची चाके जमीन सोडतात. म्हणून हूक खाली, ट्रॅक्टर कंपनीने दिलेल्या ओढदांडीलाच असावा. ‘जरा वर घ्या, मिस्त्री’ असे गिऱ्हाईक म्हणाले तरी घेऊ नये.

पिनेसाठी बांधकामाच्या सळईचा तुकडा कापून देणारे अजूनही आहेत. सळई त्या कामाची नाही. ईएन-८ जातीच्या पोलादाची, कडीत जेमतेम हलेल अशी पिन करावी आणि खाली खटका द्यावाच. पिन सैल असली की प्रत्येक ब्रेकला कडी तिच्यावर हातोड्यासारखी आपटते, भोक लांबट होते आणि एके दिवशी जोड सुटतो. लांबट झालेली कडी वेल्डने भरून देण्याचा मोह टाळावा व ती बदलावी. दांडीच्या सांध्याला तडा दिसला तर वरून एक थर ओढून भागत नाही. तडा ग्राइंडरने पूर्ण खणून काढावा, जागा गरम करावी आणि नेहमीच्या ६०१३ ऐवजी कोरडा ७०१८ रॉड वापरावा. रॉड महाग पडतो हे खरे, तेव्हा त्याचे पैसे वेगळे सांगून घ्यावेत. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

दोन्ही जोडांना साखळी हवी. ती पिनेला न अडकवता चासीला अडकवावी आणि दांडीखालून फुलीसारखी न्यावी, म्हणजे जोड सुटला तरी दांडी रस्त्यात न रुतता साखळीवर झेलली जाते.

सर्वांत जास्त जिवांशी गाठ असते ती रात्री. पेठ-सांगली किंवा कराड-तासगाव रस्त्यावर अंधारात संथ चाललेली ट्रॉली मागच्या मोटारसायकलवाल्याला दिसतच नाही. रेडियम लावलेले असते, पण फळीवरून लोंबणाऱ्या वाढ्यांनी आणि चिखलाने ते झाकले जाते. मागे लाल, बाजूला पिवळे, पुढे पांढरे हा क्रम सांभाळावा आणि मागच्या पट्ट्या उसाच्याही बाहेर लटकेल अशा पत्र्यावर लावाव्यात. दिव्यांची वायर पहिल्या ट्रॉलीतून दुसरीपर्यंत सॉकेटने नेऊन द्यावी. वायरिंगवाल्यांना हंगामाआधी एवढे एक काम पुरे आहे.

कागदाची बाजूही मालकाच्या कानावर घालावी. प्रत्येक ट्रॉलीची नोंदणी आणि विमा स्वतंत्र पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. डिझेलात वाचलेले पैसे एका फेरीत जातात.

ड्रायव्हरला दोन गोष्टी सांगाव्यात. रस्त्यावर दोन्ही ब्रेक-पॅडल खटक्याने एकत्र जोडलेले असावेत आणि उताराला गिअर काढू नये. वळणावर दुसऱ्या ट्रॉलीचे चाक पहिलीपेक्षाही आत कापते, हे बाजारपेठेच्या रस्त्याने जाणाऱ्याने विसरू नये. दोन ट्रॉल्यांसह मागे घेण्याचा खटाटोप करू नये. दुसरी सोडून मगच घ्यावी.

शिवाय चाकाखालचा दगड. पंक्चर झाले की दगड लावतात, काम झाले की निघून जातात आणि दगड रस्त्यावरच राहतो. रात्री त्याला धडकून दुचाकीस्वार पडतात. पिन करून देताना लाकडाचे दोन ठोकळे दोरीने ट्रॉलीलाच बांधून दिले, तर फार खर्च येत नाही आणि ट्रॉली निघाली की ठोकळेही तिच्याबरोबर निघतात.