नवतप्यातला स्लॅब : आधी ऊन अडवा, मग उष्णता

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात चुनखडी भाजून सिमेंट होते. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या गावांची ओळखच गेल्या काही दशकांत कारखान्यांशी जोडली गेली. त्याच सिमेंटने इथली घरेही बदलली. मातीच्या भिंती, कुडाच्या खोल्या आणि वर कवेलू, असे घर आता गावाच्या कडेला किंवा डोंगराकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे आदिवासी वस्त्यांवर, उरले आहे. बाकी सगळीकडे स्लॅब, आणि स्लॅब परवडला नाही तिथे टीन. या बदलाबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरण्याची कटकट गेली, गळती थांबली, साप-विंचवांची भीती कमी झाली. पण मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो, तेव्हा पक्क्या घरातली दुपार सोसवत नाही आणि रात्रही सुटका देत नाही. म्हणून छतावर किंवा छताखाली काहीतरी उष्णतारोधक घालावे, असे अनेकांना वाटू लागले आहे. बाजारात आणि इंटरनेटवर त्यासाठी जे दिसते, त्यातले पुष्कळसे थंड देशांच्या गरजेतून घडलेले आहे. ते जसेच्या तसे इथे आणणे चुकीचे ठरेल. आपल्या छताला क्रम उलटा हवा : आधी वरचे ऊन परतवायचे, मग स्लॅबवर पातळ रोधक थर द्यायचा आणि रात्री घर मोकळे करायचे.

थंड देशांतली पद्धत समजून घेतली की फरक लगेच कळतो. मिनेसोटा किंवा टोरांटो इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरांत उतरत्या छपराखाली एक रिकामा पोटमाळा असतो. तिथे जाड नळीतून, यंत्राच्या जोराने, सुटे तंतू फुंकून पसरतात. हे तंतू तीन प्रकारचे : जुनी वर्तमानपत्रे कोरडीच दळून, त्यांना आग आणि कीड लागू नये म्हणून बोरॉनचे क्षार लावून केलेला सेल्युलोज, काचेची लोकर, आणि दगड वितळवून केलेली लोकर. कडक थंडीच्या भागात हा थर एक फुटाहून जाड घालतात. सेल्युलोज कालांतराने खाली बसतो, त्यामुळे सुरुवातीलाच थोडा जास्त भरावा लागतो. हे सगळे तिथे अगदी योग्य आहे. बाहेर उणे २० आणि आत अधिक २० अंश, असा ४० अंशांचा फरक कधी कधी दिवसच्या दिवस टिकतो. उष्णता एकाच दिशेने, आतून बाहेर, पळत असते आणि तिला धरून ठेवणे हेच काम असते. छपराचा रंग कोणता, याने अशा हिवाळ्यात फारसा फरक पडत नाही.

कोरपन्यात हे चित्र पार वेगळे. मे महिन्यातल्या दुपारी सावलीतली हवा ४५ अंश आणि खोली ३७-३८ अंश धरली, तरी फरक सात-आठ अंशांचाच. एवढ्याने घराची भट्टी होत नाही. भट्टी होते ती थेट उन्हाने. हा तालुका विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे पावणेवीस अंशांवर आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. काही दिवसांतच, २५ मेच्या सुमारास, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. उभ्या भिंतींवर तेव्हा तिरपे ऊन पडते, सपाट छतावर मात्र सरळ. स्वच्छ आकाशात भर दुपारी दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊर्जा छतावर आदळते. शेवाळाने काळपट झालेला स्लॅब तिच्यातला बहुतांश भाग पिऊन घेतो आणि त्याचा वरचा पृष्ठभाग ६०-६५ अंशांवर जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर चार इंची स्लॅब असेल, तर ढोबळ हिशेबाने भर उन्हात सुमारे एक किलोवॅट उष्णता खोलीत उतरते. म्हणजे छताला एक हजार वॅटचा हीटर दुपारभर टांगून ठेवल्यासारखे झाले. सूर्य मावळला म्हणजे तो बंद होतो असेही नाही. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहते, आणि म्हणून माणसे बाज उचलून अंगणात किंवा गच्चीवर नेतात.

उष्णतेचा उगम ऊन हाच असेल, तर पहिला उपाय छत पांढरे करणे हाच. ताजा चुना उन्हाचा मोठा भाग परतवतो. पृष्ठभाग ६५ वरून ५० अंशांवर आला, तर वरच्याच हिशेबाने खोलीत उतरणारी उष्णता जवळपास निम्मी होते. चुन्यात डिंक किंवा फेव्हिकॉल घालून दोन हात मारले की उन्हाळा निघतो. अधिक टिकाऊ हवे असेल तर परावर्तक रंग आहे, पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक आहे. सीमेपलीकडच्या तेलंगणाने २०२३ साली पाच वर्षांचे ‘कूल रूफ’ धोरणच जाहीर केले. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे तिथेही गरीब वस्त्यांची छते रंगवण्याचे काम त्याला जोडले गेले. यावर इथला माणूस रास्त आक्षेप घेईल : कोळसा आणि चुनखडीच्या या पट्ट्यात पांढरे छत किती दिवस पांढरे राहणार? धुळीने परावर्तन घटते, हे खरेच आहे. पण म्हणूनच महागड्या रंगापेक्षा दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास मारलेला चुना इथे जास्त शहाणपणाचा. ज्या तीन महिन्यांत त्याची गरज आहे, त्यांच्या तोंडावर तो ताजा असतो. दुसरा आक्षेप थंडीचा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो आणि पांढरे छत घर आणखी गार करेल, असे म्हणता येईल. पण तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, दिवस लहान असतो आणि पावसाने धुतलेला, धूळ बसलेला चुना तोवर बराच मळलेला असतो. काही आठवड्यांच्या गारठ्यापुरते गोधडीने भागते, नवतप्याला असा उपाय नाही.

चुन्यानंतरची पायरी म्हणजे रोधक थर, आणि इथे जाडीपेक्षा जागा महत्त्वाची. केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये आणलेली ‘इको निवास संहिता’ सांगते, की छताच्या दर चौरस मीटरमधून दर अंश फरकाला १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. नुसत्या चार इंची स्लॅबमधून याच्या तिप्पट जाते. ती मर्यादा गाठायला थर्माकोलसारख्या रोधकाची दोन सेंटिमीटर जाडी पुरते. पाच सेंटिमीटर घातले, तर आकडा ०.६च्या आसपास येतो. त्यापुढच्या प्रत्येक सेंटिमीटरचा फायदा झपाट्याने घटत जातो, म्हणून फूटभर जाडीचा हव्यास आपल्या कामाचा नाही. उलट विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा गळतीसाठी चांगला असला, तरी उष्णता रोखायला तो एकटा पुरत नाही. वीट काँक्रीटपेक्षा जेमतेम निम्मी उष्णता वाहू देते, रोधक मात्र चाळीस-पन्नास पट कमी. म्हणून स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर दाब सोसणारे रोधक तक्ते, त्यावर कोबा आणि शेवटी पांढरा थर, अशी रचना हवी. तेच तक्ते खाली पीओपीच्या आड लावले तरी खोलीत येणारी उष्णता कमी होते, पण वरचा स्लॅब उघड्यावर तापत आणि निवत राहतो, प्रसरण-आकुंचनाने त्याला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी मुरते.

टीनच्या आणि कवेलूंच्या घरांना मात्र माळा असतो किंवा करता येतो. तिथे धानाचा तूस, कापसाचा कचरा असे सुटे काहीतरी भरून परदेशी पद्धत स्वस्तात साधावी, हा मोह होतो. तो टाळावा. खाली चूल पेटते, वायरिंग उघडे असते, आणि प्रक्रिया न केलेला तूस किंवा कापूस ठिणगीला निमंत्रण देतो. उंदीर-वाळवीला तयार घर मिळते. इथे पाऊस हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि ओल धरलेला भुसा रोधकाचे काम सोडून देतो. तापलेले टीन खालच्या माणसावर किरणांनी उष्णता टाकते. म्हणून टीनला वरून पांढरा रंग, खाली अॅल्युमिनियमचा चकचकीत पडदा, दोहोंत चार-सहा इंच मोकळी हवा आणि ती गरम हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळीदार झरोके, एवढे करावे.

कूलर असताना हे सगळे कशाला, असेही विचारले जाते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, यात वाद नाही. पण त्याला नेमके तेव्हाच पाणी आणि वीज लागते, जेव्हा जिवती-कोरपन्याच्या डोंगराळ गावांत हंड्यासाठी पायपीट चालू असते. जूनच्या अखेरीस हवा दमट झाली की त्याचा उपयोगही उरत नाही. छत आधी सुधारले, तर तोच कूलर कमी पाण्यात खोली गार करतो, आणि वीज गेली तरी घर लगेच तापत नाही. रात्री खिडक्या-झरोके उघडून गार हवा आत घेतली, तर भिंतींत साठलेली उष्णताही निघून जाते.

खर्चाचा आक्षेप सर्वांत खरा आहे, कारण ज्यांना हे सर्वांत जास्त हवे त्यांच्याकडेच पैसे कमी आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. एवढ्या छताला चुना मारणे मजुराच्या आवाक्यातले आहे, रोधक तक्ते नाहीत. कोलामांसारख्या आदिम जमातींसाठी २०२३ मध्ये जनमन योजना आली आणि कुडाच्या घरातून पक्क्या छताखाली येणारी कुटुंबे वाढत आहेत. घर बांधून झाल्यावर छत सुधारणे महाग पडते, बांधतानाच केले तर खर्च कमी होतो. म्हणून घरकुलाच्या अंदाजपत्रकात पाया, भिंती, स्लॅब यांच्या बरोबरीने छताच्या उष्णतारोधनाची एक स्वतंत्र बाब असायला हवी, चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत तर सक्तीने. ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनी येत्या पाडव्याला चुन्यापासून सुरुवात करावी, आणि पुढच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी रोधक तक्त्यांचा हिशेब गवंड्याकडून आवर्जून मागावा.