हॉटेलच्या भिंतीवर आपल्या हातचं काम

हल्ली हायवेवरची हॉटेलं सजावटीला वारली चित्रं, बांबूचे दिवे, गोधड्या मागतात. गटासाठी हे काम चांगलं आहे. पण घरची भिंत वेगळी, हॉटेलची वेगळी. तिथे वाफ, तेलाचा धूर आणि रोजची पुसापुशी. म्हणून आम्ही सांगतो, ऑर्डर घेण्याआधी जागा बघून या.

डहाणू-तलासरीकडे लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ते पीठ ओल्या फडक्याने निघतं. हॉटेलात पांढरा ॲक्रेलिक रंग वापरा, वाळल्यावर वरून वॉर्निशचा हात द्या. बांबूतल्या पिष्टामुळे त्याला भुंगा लागतो. म्हणून कापलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. दिव्यात एलईडी बल्बच लावायला सांगा. जुना बल्ब फार तापतो. गोधडी स्वयंपाकघरापासून लांब, काढून धुता येईल अशी टांगा.

आता पैसे. चित्राचा दर चौरस फुटावर ठरवा. त्यात मजुरी, रंग आणि जाण्या-येण्याचं भाडं धरा. आधी एक फुटाचा नमुना दाखवा. पसंत पडला की निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि सगळं कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. तोंडी व्यवहारात "ताई, एवढं कोपऱ्यातही काढा" म्हणत काम वाढतं, पैसे तेवढेच राहतात.

कोपऱ्यात गटाचं नाव लिहायचं, हेही त्याच कागदात घाला. पुढचं काम त्या नावावर येतं.