कुडचड्याचा बंद पूल

दक्षिण गोव्यात सावर्डे आणि कुडचडे ही नदीच्या दोन काठांवरची जुळी गावं, जुवारीच्या खोऱ्यातली. 1880च्या दशकात मुरगावची रेल्वे इथं आली, पुढे खनिजाच्या बार्जी. इथला पोर्तुगीजकालीन पादचारी पूल मोडकळीला आला म्हणून वापराला बंद होता. बंद, पण जागेवरच!

18 मे 2017 च्या संध्याकाळी नदीत एकाचा शोध चालला होता. तो पाहायला लोक याच पुलावर चढले. पूल कोसळला, दोघांचा जीव गेला.

आम्ही पूल बांधणारे दाट गर्दीचा भार चौरस मीटरला 500 किलो धरतो. चालणारी माणसं पांगतात. बघे मात्र एकाच कठड्याला खेटतात. गंजलेल्या लोखंडाला हे कसं झेपणार? वारसा म्हणून खांब जरूर ठेवा, पण वरची चालवाट पूल बंद केला त्याच दिवशी काढायला हवी होती.