कांचकुंडांतील अनाहूत पाहुणे

मेक्सिकोच्या आखातांतील समुद्रगवतांत समुद्रघोड्याची एक खुजी जात राहते. पूर्ण वाढ झाली तरी ती अडीच सेंटिमीटरांच्या आसपासच भरते. परदेशांत ती हौसेनें पाळणारांना सर्वांत अधिक छळतात ते शेवाळाबरोबर नकळत येऊन कांचेवर वाढणारे, डंख करणारे, केंसाएवढे जीव. आपल्याकडे समुद्रघोड्यांना २००१ पासून कायद्याचें संरक्षण आहे. तेव्हां ते घरीं पाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. परंतु हीच अडचण समुद्रापासून दूर असलेल्या हिंगोली जिल्ह्यांतहि येते. कयाधूच्या डोहांतून किंवा सिद्धेश्वर जलाशयाच्या कांठावरून आणलेली पाणवनस्पति गप्पी माशांच्या कुंडांत लावावी, आणि थोड्याच दिवसांत पिलें एकेक करून नाहींशीं होऊं लागावीं!

अशा वेळीं औषध ओतण्याचा मोह होतो. पण औषधाला शत्रु-मित्र कळत नाहींत. म्हणून आधीं ओळख करून घ्यावी, मग उपाय. एक भिंग आणि एक विजेरी एवढें साहित्य पुरे. तो जीव पाण्यांत मोकळा फिरतो, कांचेला व पानांना धरून राहतो, कीं माशाच्या अंगाला चिकटतो, हें प्रथम पाहावें.

उड्या मारीत फिरणारा ठिपका बहुधा पाणपिसू असतो. तें माशांचें उत्तम खाद्य होय. पेरूच्या आकाराचा, मादीच्या शेपटीपाशीं अंड्यांच्या दोन पिशव्या असलेला जीव म्हणजे सायक्लॉप्स. पायऱ्यांच्या विहिरींतील पाण्यांतून नारूचा प्रसार होई तो याच्याच द्वारें. भारतांतील शेवटचा नारूरोगी १९९६ सालीं आढळला आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. कुंडांतील सायक्लॉप्सला आज भिण्याचें कारण नाहीं.

कांचेवर देंठ रोवून, टोंकाशीं बारीक तंतु पसरून बसलेला जीव दिसला तर तो हायड्रा. समुद्रघोड्यांच्या त्या वैऱ्याचा हा गोड्या पाण्यांतील भाऊबंद; तंतूंच्या डंखानें तो नवजात पिलें गिळतो. याला खरवडूं नये. १७४० च्या सुमारास हॉलंडमध्यें ट्रेंब्ली या संशोधकानें दाखविलें कीं, हायड्राचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचा नवा हायड्रा होतो. रात्रीं विजेरीच्या उजेडांत त्रिकोणी डोक्याचा, दोन डोळ्यांचा चपटा कृमि सरकतांना दिसला तर तो प्लॅनेरिया. हे दोघेहि उरलेल्या अन्नावर माजतात. म्हणून खाद्य कमी करणें हा पहिला उपाय. जनावरांच्या जंतांवरील फेनबेंडाझोल त्यांना मारतें, परंतु गोगलगाईंनाहि बाधतें. पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून तें वापरूं नये.

पानांवर सहा पायांनीं दबा धरून बसणारें, जबड्याखालचा आंकडा क्षणांत पुढें फेंकणारें पोर चतुराचें असतें. तें शेतकऱ्याचा मित्र असलें तरी कुंडांत पिलांचा काळ ठरतें. त्याला चिमट्यानें उचलून ज्या पाण्यांतून आणलें तेथेंच सोडावें.

माशाच्या अंगावर चपटी, पारदर्शक टिकली सरकतांना दिसली तर ती माशांची ऊ. दोऱ्यासारखें टोंक लोंबत असेल तर तो लर्निया. हे मात्र खरे परोपजीवी. असा मासा ताबडतोब वेगळा करावा.

सर्वांत सोपा उपाय आरंभींचाच आहे. नवी वनस्पति धुऊन दोनतीन आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवावी व रोज भिंगानें पाहावी. तसेंच कुंडांतील पाणी वा नकोसे मासे नदींत टाकूं नयेत. हौसेच्या कुंडांतून सुटलेला दक्षिण अमेरिकेंतील सकर मासा आज भीमेवरील उजनी जलाशयांत मासेमारांचीं जाळीं अडवितो. कयाधूचें पाणी पैनगंगेंत आणि पुढें गोदावरींत जातें. आपल्या दिवाणखान्यांतील पाहुणा इतक्या दूरवर पोंचूं शकतो, याचें भान प्रत्येक हौशी गृहस्थानें ठेवावें.